मदत हवी आहे: चक्कीच्या थरथरीत 8.7 हर्ट्झचं टोक कशाचं?

दळणवाला_दारव्हा:
पिठाची चक्की. 7.5 एचपी थ्री-फेज मोटार, पाटीवर 1440 आरपीएम. मोटारीची पुली 5 इंची, दगडाची 12 इंची, बी-85चे दोन पट्टे. दळण चालू असताना अँगलचा सांगाडा थरथरतो. फायफॉक्स या फोनवरच्या ॲपच्या अ‍ॅक्सिलरेशन स्पेक्ट्रममध्ये सर्वांत उंच टोक 8.7ला, शिवाय 23 आणि 24ला दोन चिकटलेली. फोनच्या सेन्सरचा वेग 100 हर्ट्झ (सेकंदाला 100 नमुने) दाखवते. बेअरिंग गेलं काय? मोटार खोलू का?

वऱ्हाडी_फिटर:
थांबा भाऊ, आधी आकडेमोड. मोटार 1440 भागिले 60, म्हणजे सेकंदाला 24 फेरे, 24 हर्ट्झ. दगड 600 आरपीएम, म्हणजे 10. 8.7 यातलं कशातच बसत नाही. आता पट्टा पाहा: 3.14 × 5 × 1440 = 22,608 इंच मिनिटाला. बी-85 आतून 85 इंच, पण मध्यरेषेवर साधारण 86.8. भागलं तर मिनिटाला 260 फेरे, म्हणजे 4.34 हर्ट्झ. त्याची दुप्पट 8.7! पट्ट्यावरची गाठ किंवा चीर एका फेऱ्यात दोन पुल्यांवरून जाते, म्हणून दुप्पट टोक बरेचदा मूळ टोकाहून उंच दिसतं.

खात्री करायची तर पट्ट्यावर खडूची रेघ मारा आणि 240 फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. रेघ दर 55 फ्रेमला परत आली पाहिजे. रेघ मारताना मेन स्विच खाली, दुपट्टा गळ्यातून काढलेला.

खडखड:
8.7चं पटलं. 23वर मात्र भरवसा ठेवू नका. 100 हर्ट्झच्या सेन्सरला 50च्या वरचं खरं दिसतच नाही, ते उलटं दुमडून खाली येतं. 8 छर्‍यांच्या बेअरिंगची बाहेरची रिंग खराब असेल तर ठोके ढोबळमानाने 0.4 × 8 × 24, म्हणजे 77च्या आसपास. 100 वजा 77? बरोबर 23. म्हणजे ती शंका अजून जिवंत आहे. 200 किंवा 400 हर्ट्झचा सेन्सर असलेल्या फोनवर पाहा: खरं टोक जागेवर राहील, खोटं सरकेल.

दळणवाला_दारव्हा:
फोन हातानेच दाबून धरला होता, कव्हरसकट. चालते?

खडखड:
नाही चालत. रबरी कव्हर वरच्या फ्रिक्वेन्सी गिळते, हात स्वतःचं हलणं घालतो. पीठ पुसा, दुहेरी टेपने फोन सपाट अँगलवर चिकटवा. 100 हर्ट्झला 1024 नमुने घ्या, म्हणजे 10 सेकंदांची नोंद आणि 0.1 हर्ट्झची बारकाई. 128 घेतले तर टोकं 0.8च्या पायरीने येतात, 23 आणि 24 वेगळे करणं कठीण. मोटारीच्या अंगावर फोन ठेवू नका. जोराच्या थरथरीने कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं. ॲपलने 2021 मध्ये मोटारसायकलच्या इंजिनाबद्दल हाच इशारा दिला होता.

वऱ्हाडी_फिटर:
आणि गुणगुण ऐकू येत असेल तर ऑडिओ स्पेक्ट्रम चालू ठेवून मेन स्विच पाडा. 100 हर्ट्झचं टोक त्याच क्षणी गेलं तर ते विजेचं. फेरे कमी होतील तसं घसरत घसरत गेलं तर यंत्राचं. दगडाचे 10 हर्ट्झ माइकवर शोधू नका, फोनचा माइक इतक्या खाली बहिरा असतो.

पट्टे बदलाल तर दोन्ही एकदम, एकाच मापाचे. एक नवा, एक जुना असा जोड लावला की नवा सगळा भार ओढतो आणि लवकर मरतो. मोटार खोलणं त्यानंतर, तेही 23 सरकून 77ला गेलं तरच.