मदत हवी आहे : नायट्रो गाडीचे इंजिन तापले की बंद पडते

कपाशीचे वावर
माझ्याकडे एकास आठ मापाची नायट्रो बग्गी, म्हणजे नायट्रो इंधनावर पळणारी रिमोटची छोटी गाडी आहे. सकाळी ती दोरीच्या दुसऱ्या ओढीतच सुरू होते आणि रिकाम्या वावरात सुसाट पळते. परंतु अर्धी टाकी संपता संपता अचानक बंद पडते आणि अर्धा तास सावलीत ठेवल्याशिवाय पुन्हा सुरूच होत नाही. नवा ग्लो प्लग (इंधन पेटवणारा तापता प्लग) लावून झाला, मेन नीडलही (इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) उघडून पाहिली. रविवारी भाचा येणार आहे, तेव्हा कृपया थेट उपाय सांगावा.

वर्धेकर
भाऊ, एवढ्या माहितीवर थेट उपाय सांगणे म्हणजे अंधारात दगड मारणे होईल. इंजिन किती सीसीचे आहे, किती जुने आहे, इंधनात नायट्रोमिथेन किती टक्के आहे, बंद पडताना धूर दिसतो का आणि हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे तापमान किती असते, हे आधी लिहावे.

कपाशीचे वावर
3.5 सीसी, दोरीने सुरू होणारे, दोन वर्षे जुने. इंधन 20 टक्क्यांचे आहे. तापमान मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही.

नवतपा
दोष नीडलचाच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा इंजिन जळेल या भीतीने सगळेच नीडल उघडतात. वास्तविक तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे इंधन-हवेचे तेच मिश्रण आपोआप गडद (इंधन जास्त) होते आणि उन्हाळ्यात नीडल थोडी बंद करावी लागते. अष्टमांश फेरा बंद करून पाहावा.

वर्धेकर
हवेबद्दलचे आपले म्हणणे बरोबर आहे, पण तापमान न पाहता नीडल बंद करायला सांगणे मला धोक्याचे वाटते. मिश्रण आधीच पातळ (इंधन कमी) असेल तर पिस्टन जायबंदी होईल. साधन नसल्यास हेडवर पाण्याचा एक थेंब टाकावा. तो तीन-चार सेकंद चुरचुरत आटला तर ठीक, पडताक्षणीच उडून गेला तर इंजिन फार तापले आहे. सर्वसाधारणपणे 100 ते 125 अंश सेल्सिअस योग्य मानतात.

लेथवाला
बॅटरीवरची ब्रशलेस गाडी घेतली की हा सगळा व्यापच उरत नाही. मी मागच्या वर्षी तेच केले.

कपाशीचे वावर
मला हीच गाडी दुरुस्त करायची आहे. थेंब चार सेकंदांत आटला. इंधनाचा डबा मागच्या दिवाळीत फोडला होता, त्याचा काही संबंध असेल का?

नवतपा
अर्थातच असेल! या इंधनातले मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून झाकण सैल राहिलेला डबा वापरूच नये. तसेच ते विषारी आहे, डोळे जाऊ शकतात. नळीने काढताना तोंडाने ओढू नये.

वर्धेकर
इंधन खराब असते तर सकाळीही त्रास झाला असता. थंड असताना चालते आणि तापल्यावर दगा देते, हे लक्षण मला लायनर-पिस्टनचे वाटते. लायनर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी. या इंजिनात पिस्टनला रिंग नसते. लायनर वरच्या टोकाला किंचित निमुळता असल्यामुळे थंड असताना पिस्टन तिथे अडकल्यासारखा घट्ट बसतो आणि तापल्यावर लायनर प्रसरण पावून दोघांतली जागा नेमकी होते. लायनर झिजला की तीच जागा जास्त होते आणि दाब निसटतो. इंजिन तापून बंद पडताच फ्लायव्हील हाताने फिरवा. वरच्या टोकाला काही अडथळा जाणवतो का? न जाणवल्यास प्लगच्या भोकातून तेलाचे दोन थेंब सोडून पुन्हा सुरू करून पाहा.

आणखी एक, एअर फिल्टरच्या फोमला तेल लावता ना?

कपाशीचे वावर
फोम मी दर वेळी पेट्रोलने धुऊन, पिळून, कोरडा करून बसवतो. तेल लावायचे असते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

आताच पाहून आलो. तापलेल्या इंजिनाचे फ्लायव्हील कुठेही न अडता सरळ फिरते आणि तेलाचे थेंब सोडल्यावर ते लगेच सुरू झाले. हेड उघडल्यावर लायनरच्या वरच्या भागात, जिथे एरवी आरशासारखा पांढरा मुलामा असतो, तिथे उभ्या रेघा आणि नखाएवढा पिवळा पितळी पट्टा दिसला.

वर्धेकर
मग निदान झाले. काळ्या मातीची वाळलेली धूळ पिठासारखी बारीक असते; कोरड्या फोममधून ती थेट आत शिरली आणि क्रोमचा मुलामा खरवडत गेली. लायनर, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांचा नवा संच घ्यावा लागेल.

लेथवाला
लायनरचे वरचे टोक दाबून पुन्हा घट्ट करून देणारे कारागीर असतात.

वर्धेकर
मुलामा शाबूत असेल तरच ते टिकते. इथे पितळच उघडे पडले आहे.

कपाशीचे वावर
संच मागवतो, म्हणजे रविवार हुकला. बसवल्यानंतर लगेच पळवू का?

वर्धेकर
नाही. नवे इंजिन वरच्या टोकाला इतके घट्ट असते की दोरी तुटते. म्हणून केस वाळवण्याच्या यंत्राने हेड गरम करूनच सुरू करावे आणि सुरुवातीच्या काही टाक्या गडद मिश्रणावर, पूर्ण वेग न देता चालवाव्यात. ठेवताना पिस्टन खालच्या टोकाला आणावा आणि आत तेल सोडावे, नाहीतर बेअरिंग गंजतात. फोमला फिल्टरचे तेल बोटांनी चोळून, पिळून, सगळीकडे सारखा रंग आला की मगच बसवावा.