मदत हवी आहे: उन्हाळी आइस हॉकी शिबिरात पोरांचं मूल्यमापन कसं करायचं?

निळी_रेषा

चार दिवसांचं उन्हाळी शिबिर आहे. १६ ते १९ वयाचे ४० खेळाडू: २४ फॉरवर्ड, १२ डिफेन्समन, ४ गोली. सकाळी ७५ मिनिटं ड्रिल, संध्याकाळी तासभर आडव्या रिंकवर ३ विरुद्ध ३. चौथ्या दिवशी पूर्ण रिंकवर सराव सामना. बघणारे आम्ही तिघं.

हातातल्या तक्त्यात सहा रकाने आहेत: स्केटिंग, पक (खेळायची रबरी चकती) हाताळणी, शॉट, पासिंग, खेळाची जाण, जिद्द. प्रत्येकाला १ ते १० गुण. अडचण ही की अशा तक्त्यात निम्मी पोरं ६ आणि ७ वर येऊन बसतात, आणि शंकूंमधून पक सुरेख नेणारा सामन्यात दिसतच नाही. तक्ता कसा बदलावा? कुठल्या ड्रिलवर भरवसा ठेवावा? १६ आणि १९ वर्षांच्या पोरांना एकाच मापाने मोजायचं का? जाणकारांनी सांगावं.

कोपऱ्यातला_पक

आधी १ ते १० काढून टाका. ६ आणि ७ मध्ये काय फरक, ते तुम्ही तिघं तीन तऱ्हांनी सांगाल. त्याऐवजी डोळ्यांना दिसणारी, मोजता येणारी कृती लिहा आणि पुढे तीनच खुणा ठेवा: केलं, केलं नाही, संधीच आली नाही. तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. ती नसली की बघणारा रिकामी जागा 'मध्यम' गुणांनी भरून टाकतो, आणि तुमचे ६-७ तिथूनच येतात.

'खेळाची जाण' हा रकाना तर फोडाच. उदाहरणार्थ डिफेन्समनसाठी पक परत आणायचं ड्रिल. प्रशिक्षक मधल्या पट्ट्यातून पक कोपऱ्यात टाकतो, डिफेन्समन मागे वळून तो घ्यायला जातो आणि साधारण दोन सेकंदांनी एक फॉरवर्ड त्याच्या अंगावर सोडतात. इथे पास कसा गेला ते नंतर. आधी मोजा की पकला स्टिक लागण्यापूर्वी पोराने किती वेळा खांद्यावरून मागे बघितलं. एकदाही नाही, एकदा, की दोनदा? दोनदा बघणाऱ्याला दाब कुठल्या बाजूने येतोय ते पक हातात येण्याआधीच कळलेलं असतं. तो एका बाजूला खांदा झुकवतो आणि दुसऱ्या बाजूने निघून जातो. न बघणारा बोर्डाकडे (रिंकभोवतीच्या भिंतीकडे) तोंड करून थांबतो आणि काचेवरून पक भिरकावतो. शॉट, ताकद या गोष्टी पुढच्या दोन वर्षांत येतील, पण दाबाखाली बघायची सवय नसलेला पोरगा कितीही वेगवान असला तरी माझ्या यादीत खाली जातो.

या ड्रिलमध्ये नेहमी होणारी चूक: फॉरवर्ड दर वेळी एकाच बाजूने सोडतात. तिसऱ्या फेरीपर्यंत सगळ्यांना उत्तर पाठ होतं आणि सगळेच हुशार दिसायला लागतात. बाजू बदलत राहा, मधूनच दोन फॉरवर्ड सोडा, एखाद्या वेळी एकही नको. हेच वळणांच्या ड्रिलचं. सगळी ड्रिल घड्याळाच्या दिशेने फिरत असतील तर कच्ची बाजू चार दिवस लपून राहते. बहुतेकांचे क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं) एका बाजूला पक्के असतात आणि दुसऱ्या बाजूला पाय नुसते घसटत जातात.

फॉरवर्डसाठी ३ विरुद्ध ३. एका टोकाच्या पट्ट्यात आडवे गोल लावले की ८५ फुटांच्या रुंदीत दर दोन-तीन सेकंदांनी निर्णय घ्यावा लागतो. शिफ्ट (बर्फावरची एक पाळी) ४० सेकंदांची, शिट्टीवर बदली. बघायचं पक नसलेल्या पोराकडे: पक गमावल्यावर पहिली तीन पावलं कुठल्या दिशेला पडली? आपल्या गोलकडे, की हात वर करून पंचाकडे?

एकास एक ड्रिलला मात्र फार भाव देऊ नका. तिथे मागून कुणी येत नसतं, त्यामुळे पक इकडून तिकडे नाचवणाऱ्याला हवा तेवढा वेळ मिळतो. सामन्यात तोच पक मागून येणाऱ्या स्टिकवर जातो. त्या ड्रिलमध्ये बघण्यासारखा असतो डिफेन्समन: निळ्या रेषेवर (टोकाचा पट्टा जिथे सुरू होतो) त्याच्यात आणि फॉरवर्डमध्ये साधारण एका स्टिकचं अंतर राहतंय की तो गोलपर्यंत मागेच सरकत चाललाय?

तिसरी_जोडी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. वेळ मोजण्याबद्दल थोडी भर.

स्प्रिंट हातातल्या स्टॉपवॉचने मोजणार असाल तर मोजूच नका. गोलरेषेपासून निळ्या रेषेपर्यंत ६४ फूट. एवढ्या अंतरात दोन चांगल्या पोरांमधला फरक सेकंदाच्या एक-दोन दशांशांचा असतो आणि अंगठ्याची चूकही तेवढीच. प्रकाशकिरणांचे टायमिंग गेट मिळाले तर प्रत्येकाला दोनदा पळवा, एकदा पकशिवाय, एकदा पकसह. नुसत्या वेगापेक्षा या दोन वेळांमधली तफावत जास्त बोलते.

बर्फाकडेही लक्ष असू द्या. झांबोनी (बर्फ गुळगुळीत करणारी गाडी) फिरल्यावर पहिले दहा जण आरशासारख्या बर्फावर पळतात, शेवटचे दहा खरवडलेल्या चुऱ्यातून. दुसऱ्या फेरीला क्रम उलटा करा.

पायांच्या ताकदीसाठी सायकलवरची ३० सेकंदांची विंगेट चाचणी घेणार असाल तर पहिल्या दिवशी, बर्फावर उतरण्याआधी घ्या, आणि त्या संध्याकाळच्या सामन्यात कुणाच्या पायांवर शेरा मारू नका. उन्हाळ्यात बरीच पोरं काही आठवडे बर्फापासून लांब असतात. पहिल्या दिवशी पास अर्धा फूट मागे पडणं, शॉट वर जाणं हे साहजिक आहे. पहिल्या दिवशीच्या टिपणांवर आडवी रेघ मारून ठेवा आणि दुसऱ्याची तुलना चौथ्याशी करा.

गोलजाळी

गोलींचं काय? धाग्यात अजून कुणी नाव काढलं नाही, नेहमीप्रमाणे :)

त्यांचा तक्ता वेगळा करा, आणि ड्रिलमध्ये किती गोल खाल्ले हा रकाना त्यात नको. शिबिरातली बहुतेक शॉटची ड्रिल नेमबाजांसाठी आखलेली असतात. आधीच्या शॉटवरून गोली अजून गुडघ्यांवर असतो तोवर पुढचा शॉट सुटतो. दोन शॉटमध्ये चार-पाच सेकंद ठेवा, तरच काही दिसेल.

काय बघायचं: शॉट सुटायच्या क्षणी गोली थांबलेला होता की अजून सरकत होता? पॅडवरून परतलेला पक कोपऱ्यात गेला की समोरच्याच स्टिकवर? गोलखांबाला टेकून बसल्यावर वरच्या कोपऱ्यात, खांद्याच्या वर, किती फट राहते? मागून पास येत असताना डोळे पकवर आहेत की शरीर आधीच वळलंय? आणि गोल खाल्ल्यानंतरचा शॉट. त्यासाठी स्वतंत्र रकाना ठेवा.

उंचीवर लगेच जाऊ नका. ६ बाय ४ फुटांचा गोल उंच पोरगा जास्त झाकतो हे खरं, पण आडवं सरकताना त्याच्या पायांमधली फट उघडी राहत असेल तर उंची फुकट. गोली पिकतातही उशिरा. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा नावाजलेला गोली हेन्रिक लुंडक्विस्ट २००० च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात) २०५ वा निवडला गेला होता. १७ व्या वर्षी गोलीवर शेवटचं मत देणाऱ्याची कीव येते.

निळी_रेषा

सगळ्यांचे आभार. म्हणजे तीन तक्ते: फॉरवर्ड, डिफेन्स, गोली. दोन गोष्टी राहिल्या. वयाचं काय करायचं, आणि आम्ही तिघांनी ४० जण वाटून कसे घ्यायचे?

कोपऱ्यातला_पक

वय तक्त्यावर छापूच नका. 'अजून लहान आहे' म्हणून आपण नकळत गुण वाढवतो. आधी दिसलं ते लिहा, शेवटच्या बैठकीत जन्मतारखा उघडा.

तिसरी_जोडी

इथे मात्र असहमत. तारीख लपवली तर १६ वर्षांच्या पोराने बोर्डावरची झुंज हरली एवढंच दिसतं, कशी हरली ते कुणी लिहीत नाही. कमी ताकदीने हरला की चुकीच्या बाजूने गेल्याने हरला, हे वेगळं नोंदवायला हवं. ताकद वाढते, बाजू शिकवावी लागते. जन्ममहिना तरी समोर असू द्या. एनएचएलच्या ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण लागतात. १६ सप्टेंबरला जन्मलेला पोरगा पुढच्या वर्षाच्या गटात जातो आणि तिथे जवळजवळ वर्षाने मोठा असतो. एकाच गटात हा फरक असतो, तुमच्याकडे तर तीन वर्षांचा पट्टा आहे.

लपवायचंच असेल तर कोण आधी कुठल्या संघाकडून खेळला, कोण कितव्या क्रमांकाने निवडला गेला ते लपवा. जर्सीवर नुसते आकडे, नावं नकोत.

गोलजाळी

वाटणीबद्दल: खेळाडू वाटू नका, जागा वाटा. एक जण वर प्रेक्षागारात, तिथून अंतरं आणि रचना दिसते. दुसरा गोलमागे काचेजवळ, तिथून डोळे, मान आणि पकची पहिली हाताळणी दिसते. तिसरा बेंचजवळ, शिफ्ट संपवून आलेला पोरगा प्रशिक्षकाचं ऐकतो का ते बघायला. रोज जागा बदला. एका शिफ्टमध्ये एका जर्सीवरच नजर, पक कुठेही जाऊ दे. लिहायचं शिफ्ट संपल्यावर, मध्ये नाही. संध्याकाळी तिघांनी आपापले कागद भरून पाकिटात टाकायचे, मगच बोलायचं. आधी बोललात तर ज्याचा आवाज मोठा त्याचं मत तिघांचं होतं.

अवांतर, निवडीच्या क्रमांकावरून आठवलं: एनएचएलचा नावाजलेला फॉरवर्ड मार्टिन सेंट लुई ड्राफ्टमध्ये निवडलाच गेला नव्हता.

निळी_रेषा

जन्ममहिना छापतो, वर्ष झाकतो. वर्ष चौथ्या दिवशी उघडू. सामन्यासाठी चार संघ करतोय: प्रत्येकी ६ फॉरवर्ड, ३ डिफेन्समन, १ गोली.

तिसरी_जोडी

वर्ष झाकून महिना दाखवलात तर काहीच कळणार नाही, डिसेंबरचा १६ चा की १९ चा? पूर्ण तारीख द्या. आणि ३ डिफेन्समनवर पूर्ण रिंकचा सामना नको, दर बदलीला एक जण बर्फावरच राहील आणि दमलेल्या पायांवर तुम्ही शेरे माराल. दोन-दोन संघ एकत्र करून १२ फॉरवर्ड, ६ डिफेन्समन, २ गोली असा एकच सामना घ्या, गोली अर्ध्या वेळेला बदला.