जुन्या गाडीच्या टायरवर नक्षी शिल्लक असली, तरी ते बदलावेत का?

खानापूरकर:
नमस्कार. गेल्या महिन्यात बेळगावात 2017 सालची एक पेट्रोल हॅचबॅक विकत घेतली. चारही टायर गाडीबरोबर आलेले मूळचेच आहेत आणि नक्षी अजून निम्म्याहून अधिक दिसते, कारण आधीच्या मालकाचे फिरणे फारसे नव्हते. मात्र बाजूच्या रबरावर केसासारख्या बारीक भेगा आहेत. आम्हाला जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटातून गोव्यातील साखळी गावाला वरचेवर जावे लागते, आणि पावसाळा तोंडावर आला आहे. विक्रेत्याच्या मते हे टायर आणखी दोन वर्षे सहज चालतील. टायर आताच बदलावेत की नक्षी झिजेपर्यंत थांबावे?

निपाणीकर:
नक्षी आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या गाडीचा प्रश्न वयाचा आहे. टायरवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 3117 असे असेल, तर तो टायर 2017 सालच्या 31व्या आठवड्यात तयार झाला. हे चार आकडे अनेकदा टायरच्या एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत, तर गाडी उचलून आतल्या बाजूला पाहावे लागते.

गाडी उभी असली तरी ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे रबर हळूहळू कडक होत जाते. कडक रबर ओल्या रस्त्याला नीट धरत नाही, मग वर नक्षी कितीही असो. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांपलीकडे टायर मुळीच वापरू नये, असे अनेक टायर उत्पादक सांगतात. पण दहा ही शेवटची मर्यादा आहे, तोपर्यंतची हमी नव्हे. बाजूला भेगा दिसत असतील आणि वाट घाटाची असेल, तर माझ्या मते थांबण्यास काहीच कारण उरत नाही. भेगा खोल असतील किंवा कुठे फुगवटा आला असेल, तर त्या टायरवर घाट उतरूच नये.

हुक्केरीकर:
वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे. तरीही गाडी केवळ गावात, कमी वेगाने फिरणार असती, तर वरवरच्या भेगा तपासून घेऊन काही महिने थांबता आले असते. नक्षीच्या बाबतीत कायद्याने मोटारीसाठी 1.6 मि.मी. ही किमान खोली ठरवली आहे. नक्षीच्या खोबणीत रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली, की टायर संपला. परंतु 3 मि.मी.च्या खाली आल्यापासूनच साचलेले पाणी बाजूला सारण्याची टायरची क्षमता लक्षणीय घटते, म्हणून कणकुंबीच्या पावसात कायद्याच्या किमान मर्यादेवर विसंबणे मला पटत नाही.

खानापूरकर:
आकडे पाहिले. चारही टायर 2017 सालचे आहेत आणि स्टेपनीही त्याच वर्षाची आहे, जरी ती कधी रस्त्यावर आलेली दिसत नाही. चारही एकदम घेणे खर्चाचे आहे. आता दोन आणि दिवाळीनंतर दोन, असे चालेल का?

निपाणीकर:
पैशांची अडचण असेल, तर चालेल. मात्र नवीन जोडी मागच्या चाकांना बसवावी, गाडीच्या इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळत असला तरीही. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली, तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केल्यास बहुधा सावरता येते. मागची सुटली, तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य चालकाला ती आवरणे फार कठीण जाते. पुढे राहणाऱ्या जुन्या जोडीच्या भेगा आधी टायरवाल्याला दाखवाव्यात, आणि दुसरी जोडी येईपर्यंत भर पावसात चोर्ल्याने जाणे टाळावे.

स्टेपनी न वापरलेली असली, तरी तिचे वय वाढतच असते. नवे टायर आल्यावर जुन्यांपैकी एखादा तिच्या जागी ठेवण्याचा मोह टाळावा. दुकानात नवा टायर बसवण्यापूर्वी त्यावरचेही चार आकडे वाचून घ्यावेत, आणि माप व भारक्षमता गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच असावी. अलाइनमेंट (चाकांची दिशा व कोन जुळवणे) आणि बॅलन्सिंग (चाकांचा तोल साधणे) त्याच वेळी करून घ्या, म्हणजे नवे टायर असमान झिजणार नाहीत.