छंदाचा गेम आणि एक स्टार: खेळणाऱ्याचं किती ऐकायचं?

मांजराकाठ, लातूर

नोकरी सांभाळून रात्री गेम बनवणाऱ्यांसाठी हा विषय काढतोय. माझं म्हणणं सरळ आहे. छंद म्हणून केलेल्या, फुकट दिलेल्या गेमचा गाभा रिव्ह्यूवरून बदलू नये. बिघाड असेल तर दुरुस्त करा, अक्षर मोठं करा, फोन तापत असेल तर त्याचा बंदोबस्त करा. पण ज्यासाठी गेम बनवला ती गोष्ट हलवू नका.

माझा गेम २०१६ च्या लातूरचा आहे. धनेगावचं मांजरा धरण कोरडं, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी, आणि एप्रिलात मिरजेहून आलेली जलदूत ही पाण्याची रेल्वे. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. खेळणाऱ्याच्या हातात एका गल्लीचं वाटप असतं: हॉस्टेलची पोरं, बाळंतिणीचं घर, दवाखाना, दावणीची जनावरं. कसंही वाटा, कुणाला तरी कमी पडतंच. कारण तेव्हा पुरत नव्हतं.

रिव्ह्यू काय आले? 'जिंकताच येत नाही, एक स्टार.' 'टाकी मोठी करायचं बटण द्या.' 'जाहिरात बघितली की पाणी मिळालं पाहिजे.' हा तिसरा मला फार लागला. त्या उन्हाळ्यात लोकांनी रात्र रात्र जागून घागरी रांगेत लावल्या. तिथं जाहिरात बघून पाणी द्यायचं म्हणजे गेम खोटा करायचा. माझं पोट या गेमवर नाही, मग मी तो खोटा का करू?

गोदातीर, नांदेड

दादा, विषय मनाला भिडला, मत मात्र पटलं नाही. तुमचा गेम मी काल खेळले. वर गुणांचा आकडा पळतो, दिवस संपला की तीनपैकी किती स्टार मिळाले ते दिसतं, खाली 'पुन्हा प्रयत्न करा' असं येतं. हे सगळं बघितल्यावर माणूस जिंकायलाच बसणार की! 'जिंकताच येत नाही' म्हणणारा टाकी मोठी मागत नाहीये. गेमनं स्वतःच कबूल केलेली गोष्ट तो मागतोय. पाण्याला हात लावू नका, पण ते स्टार कशासाठी आहेत याचा विचार करा. तुमच्या गाभ्याला धक्का त्या स्टारांनीच बसतोय, आणि ते तुम्हाला एक स्टार देणाऱ्यानं दाखवून दिलं.

दुसरं, 'फुकट आहे' हे कारण मला चालत नाही. आमच्याकडच्या पोरानं तीन जीबी रॅमच्या फोनमधले फोटो पुसून तुमच्या गेमला जागा केलेली असते. त्याला बोलायचा हक्क आहे.

परळीचा पोरगा

मी दादांच्या बाजूनं. लोकांचं ऐकत बसलं की छंद मरतो. डाँग न्गुयेन या व्हिएतनामच्या माणसानं एकट्यानं केलेला 'फ्लॅपी बर्ड' मे २०१३ मध्ये आला. २०१४ च्या सुरुवातीला तो जगभर पहिल्या क्रमांकावर गेला, आणि फेब्रुवारीत त्यानं स्वतःच काढून टाकला. लोकांना त्याचं व्यसन लागतंय हे त्याला सहन होत नव्हतं, आणि जगाची नजर आणि बोलणीही नकोशी झाली होती. एवढा गेम चाललेला असताना ही गत, मग आपल्यासारख्यानं तर मन घट्टच ठेवायला पाहिजे. प्ले स्टोअरवर रिव्ह्यूला उत्तर द्यायचं तर ३५० अक्षरांची मर्यादा. तेवढ्यात २०१६ चा दुष्काळ कसा समजावणार? आणि कितीतरी लोक एक शब्द न लिहिता नुसता स्टार देऊन जातात. त्यातून शिकायचं तरी काय?

बिंदुसरा, बीड

शब्दाविना आलेल्या स्टारातून काही शिकता येत नाही, मान्य. पण गोड शब्दांचं काय? १३ नोव्हेंबर २०२३ नंतर प्लेवर वैयक्तिक खातं काढलेल्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी चाचणी घ्यावी लागते. आधी २० माणसं लागायची, आता १२, आणि सलग १४ दिवस. छंदवाल्यानं १२ माणसं आणायची कुठून? मग ग्रुपमध्ये देवघेव चालते, 'तू माझा टाक, मी तुझा टाकतो.' कुणी उघडूनही बघत नाही आणि सगळे लिहितात 'मस्त झालाय भाऊ'. ज्यानं खरोखर खेळून, चिडून एक स्टार दिला, त्याचं माप मी या बाराही जणांपेक्षा मोठं धरतो. परळीच्या भावाला सांगतो, मन घट्ट ठेवायचं तर या कौतुकापुढं ठेव.

औंढ्याची, हिंगोली

चिडक्या रिव्ह्यूचा फायदा कसा होतो ते सांगते. गोडो नावाचं गेम बनवायचं मोफत साधन बरेच जण वापरतात. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरीची जुळणी होत नव्हती. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर यायची आणि पुढच्या अक्षराला चिकटायची. 'मिरज' लिहिलं की पडद्यावर 'मरिज' दिसायचं. जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडायची. मार्च २०२३ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा हे सुटलं. माझ्या ओळखीच्या एकाच्या गेममध्ये हाच घोळ होता. आम्ही बनवणारे एकमेकांचे गेम तपासायचो, पण चित्रं कशी हलतात, उडी कशी बसते एवढंच बघायचो. मजकूर कुणी वाचतच नव्हतं. शेवटी कुणा एकानं लिहिलं, 'मराठी येत नसेल तर मराठीत गेम करू नका.' शब्द जहरी होता, पण ज्याला वाचायचं होतं त्यालाच ते दिसलं.

म्हणून 'खेळणाऱ्यांचं सोडा, बनवणाऱ्यांनाच विचारा' असा जो सल्ला नेहमी ऐकू येतो, तो मला अर्धाच पटतो. लुडम डेअर ही गेम बनवायची स्पर्धा २००२ मध्ये सुरू झाली. ४८ तासांत एकट्यानं गेम करायचा आणि मग एकमेकांचे खेळून गुण द्यायचे. तिथला अभिप्राय समजूतदार असतो, कारण देणाऱ्यानंही रात्र जागून काढलेली असते. पण त्याच समजूतदारपणापायी बऱ्याच चुका पोटात घातल्या जातात.

मांजराकाठ, लातूर

अक्षराचं मी पहिल्याच ओळीत मान्य केलंय, त्यावर वाद नाही. गोदातीर ताईंच्या मुद्द्यावर बोलतो. गुण आणि स्टार काढले तर लेकरं पहिल्या मिनिटात गेम बंद करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत आणायचं तर काहीतरी हातात द्यावं लागतं. ती मी ठेवलेली पायरी आहे, घर नाही.

गोदातीर, नांदेड

म्हणजे खेळणाऱ्याला धरून ठेवायला तुम्ही बदल केलाच की, दादा. लेकरू गेम बंद करतं तोही रिव्ह्यूच आहे, आणि तो तुम्ही ऐकला. मग लिहिणाऱ्याचाच ऐकायचा नाही हे कसं? एरिक बॅरोननं 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम साडेचार वर्षं एकट्यानं बनवून २०१६ मध्ये आणला, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं लोकांच्या सूचना ऐकत फुकट भर घालत राहिला. २०२४ मध्येही मोठी भर आली. शेती, गाव, माणसं, गेमचा जीव होता तसाच राहिला. ऐकल्यानं गाभा जातोच असं नाही.

परळीचा पोरगा

ताई, त्याचा गेम विकत मिळतो, त्यावर तो जगतो. त्याला ऐकावंच लागतं. दादा सकाळी नऊला कामावर जातात. सूचना शंभर आल्या तरी हात दोनच, आणि ते रात्री दहानंतर मोकळे होणार. कुठली सूचना घ्यायची हे ठरवण्यातच त्यांची रात्र सरेल.

गुरुजी, जिंतूर

मी गेम बनवत नाही, वर्गात खेळवतो. हा गेम पाचवीच्या मुलांना दिला होता. मी मागं उभा राहून नुसता बघत होतो, एक शब्द बोललो नाही. बहुतेक पोरं स्टारामागं लागली. जनावरांचं पाणी तोडायचं आणि दवाखान्याला द्यायचं, की तीन स्टार मिळतात, हे त्यांनी लवकर ओळखलं. एक मुलगी मात्र गुणांकडं बघतच नव्हती. बाळंतिणीच्या घराला पाणी कमी पडलं तसा तिनं गेम बंद केला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केला आणि ते घर आधी भरलं. मग हॉस्टेल कोरडं पडलं. शेजारचा पोरगा ओरडला, 'अगं, हे काय करलालीस? स्टार गेले की!' तिनं उत्तर दिलं नाही. तिनं परत सुरुवात केली, या वेळी सगळ्यांना थोडं थोडं.

ही मुलगी कधी रिव्ह्यू लिहिणार नाही. फोन तिच्या बापाचा आहे. म्हणून मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. जे लिहितात त्यांचं मानायचं की नाही यावर तुम्ही भांडताय, पण गेम ज्यांच्यात मुरला ती लेकरं लिहितच नाहीत. त्यांच्यामागं जाऊन उभं राहावं लागतं.

मांजराकाठ, लातूर

गुरुजी, जनावरांचं पाणी तोडून तीन स्टार मिळतात, हे मला एकाही रिव्ह्यूनं सांगितलं नव्हतं. तो हिशोब आज रात्रीच बदलतो. टाकी वाढवणार नाही. स्टार काढायचे की ठेवायचे, अजून ठरत नाही.

गोदातीर, नांदेड

गुरुजी, त्या मुलीला एक विचाराल का? बाळंतिणीच्या घरी पाणी कमी पडलं हे तिला कशावरून कळलं? आकडा लाल झाला म्हणून, की दारातली घागर रिकामी दिसली म्हणून? घागरीवरून कळलं असेल, तर दादांना वरच्या आकड्याची गरजच नाही.