मदत हवी आहे: शहराची नोटीस, सहा कोंबड्या आणि आरवणारी राणी

परसातली_ताई:

मंडळी, सिॲटलच्या पूर्वेला, तलावापलीकडच्या एका लहान शहरात आमचं घर आहे. काल शहराच्या कोड कम्प्लायन्स खात्याकडून (शहराचे नियम पाळले जातात का ते बघणारं खातं) पत्र आलं. मुदत एकवीस दिवस. असलं प्रकरण कोणी निस्तरलंय का, हे विचारायला धागा काढतेय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मार्च २०२५ मध्ये डझनभर अंड्यांचा देशभरातला सरासरी भाव ६.२३ डॉलरवर गेला, तेव्हा निम्म्या गल्लीच्या डोक्यात जे आलं तेच आमच्याही आलं. (हिशेब विचारू नका. खुराड्याच्या लाकडात चार वर्षांची अंडी आली असती.) शहराच्या वेबसाइटवर 'कोंबड्या पाळता येतात' इतकं वाचलं आणि तिथेच वाचणं थांबवलं. चूक माझीच. दुकान सहाहून कमी पिल्लं देत नाही, म्हणून सहा आणली. आता कळतंय की शहर पाचाहून जास्त ठेवू देत नाही.

डब्यावर 'सगळ्या माद्या' असं लिहिलेलं होतं. मुलांनी नावं ठेवली. त्यातली राणी सगळ्यांत रुबाबदार. मे अखेरीला आई कुडाळहून आली. जेटलॅगमुळे पहाटेच परसात जाऊन बसायची. एकदा मी चहा घेऊन गेले तर राणीला काखेत धरून तिच्या शेपटीच्या बुडाशी पिसं चाळून बघतेय. बाकीच्या पाचजणींची तिथली पिसं टोकाला गोल, हिची लांब, टोकदार, तेल लावल्यासारखी चकचकीत. "अगो, ही तलंग नाय, ह्यो कोंबडो आसा." मी म्हटलं, आई, दुकानवाले तपासून देतात. आठवड्याभरात राणी कुंपणावर चढून आरवली. पावणेपाच वाजता. इकडे जूनमध्ये त्या वेळी तांबडं फुटलेलंच असतं, त्यामुळे त्याचं काही चुकलं असं म्हणता येत नाही.

पत्रात तीन मुद्दे आहेत. कोंबडा ठेवायला बंदी. पक्षी पाचाहून जास्त. आणि खुराडं हद्दीपासून १० फूट हवं. नवऱ्याने टेप लावली, कुंपणापासून साडेसहा फूट भरलं. खुराडं काँक्रीटच्या फरशीवर आहे. व्हेरियन्स (नियमातून खास सूट) मागावा का? तक्रार कोणी केली ते लिहिलेलं नाही, पण डावीकडचे आजोबा हल्ली हात हलवत नाहीत.

---

लाल_तुरा:

ताई, आम्ही खुद्द सिॲटल शहरात आहोत, नऊ वर्षं कोंबड्या पाळतोय. इथे २०१० पर्यंत तीनच चालायच्या, मग आठ झाल्या, आणि त्याच दुरुस्तीत कोंबड्याला बंदी आली. खुराडं शेजारच्या राहत्या घरापासून १० फूट लागतं. घरापासून, हद्दीपासून नाही. तुमच्याकडे नेमकं उलट दिसतंय. न्यूयॉर्क शहरात कोंबड्या चालतात, पण कोंबडा, बदक, टर्की नाही. दर शहराचं पंचांग वेगळं. शेजारच्या शहरातल्या मैत्रिणीने 'आमच्याकडे चालतं' म्हटलं तर त्यावर विसंबू नका.

राणीला लगेच हलवा. कोंबडा गेला की पाच उरतात, म्हणजे पत्रातले दोन मुद्दे एका दमात निकालात.

---

तिरकस_पुणेकर:

रविवारी रस्सा करा. तिन्ही मुद्दे मिटतील.

---

लाल_तुरा:

@तिरकस_पुणेकर, कित्येक शहरांत घरच्या आवारात कापायलाही मनाई असते. म्हणजे चौथा मुद्दा.

---

नकाशेवाला:

मी दुसऱ्या राज्यात एका नगररचना कार्यालयात काम करतो. अशी पत्रं मीही पाठवतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगतो.

व्हेरियन्सच्या नादी लागू नका. तो जमिनीच्या अडचणीसाठी असतो: प्लॉट तिरका आहे, मधून ओढा जातो, उतार आहे, वगैरे. 'फरशी आधीच टाकली' ही जमिनीची अडचण नाही, ती आपण ओढवून घेतलेली. अर्जाची फी जाते, सुनावणी होते, शेजाऱ्यांना रीतसर कळवलं जातं, आणि ज्यांना आजवर तुमच्या कोंबड्या माहीत नव्हत्या त्यांनाही कळतात.

दुसरं, तुम्ही कुंपणापासून मोजलंत. कुंपण म्हणजे हद्द नव्हे! बांधणाऱ्याने सोयीप्रमाणे ते आत किंवा बाहेर घातलेलं असतं. प्लॉटच्या कोपऱ्यांत मोजणीच्या लोखंडी खुणा मातीखाली सापडतात का बघा. घर घेताना मोजणीचा नकाशा मिळाला असेल तर उत्तम. फरक तुमच्या बाजूनेही पडू शकतो आणि विरुद्धही, हे धरून चाला.

तिसरं, पत्रावर ज्या अधिकाऱ्याचं नाव आहे त्यांना उद्याच फोन करा. विसाव्या दिवशी नको. 'कोंबडा अमुक दिवशी जातोय, खुराड्याचं मोजमाप बघायला याल का' असं विचारा आणि बोलणं झालं की तेच ईमेलने कळवा. आमच्या खात्यात कोणालाही परसात दंड लावत फिरायची हौस नसते. फाइल बंद व्हावी एवढीच इच्छा.

आणि एक, ज्यात लोक खरे फसतात. शहराचा नियम पाळला म्हणजे सुटलो असं नसतं. घराच्या खरेदीच्या कागदांत सीसीअँडआर म्हणून वसाहतीचे करार असतात. त्यात बहुधा एक ठरावीक वाक्य सापडतं: कुत्रा, मांजर आणि घरगुती पाळीव प्राणी सोडून कोणतेही प्राणी, गुरं किंवा कोंबड्या पाळू नयेत. शहराने परवानगी दिली म्हणून तो करार रद्द होत नाही. 'आमच्या कोंबड्या पाळीवच आहेत' हा युक्तिवाद लोक हौसेने करतात, पण त्याच वाक्यात कोंबड्यांचं वेगळं नाव असल्यावर तो लंगडाच.

---

परसातली_ताई:

@नकाशेवाला, आमच्याकडे एचओए (घरमालकांची असोसिएशन) नाही. फी नाही, मीटिंग नाही. मग हे लागू होतं का?

---

नकाशेवाला:

होऊ शकतं. असोसिएशन कधीच बंद पडलेली असली तरी नोंदवलेला करार जमिनीसोबत चालतो, आणि बहुतेक करारांत वसाहतीतला कोणताही घरमालक तो बजावायला कोर्टात जाऊ शकतो. कागद आधी काढा.

---

नंदुरबारकर:

नियमांचं मला कळत नाही, पण २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा आम्ही जवळून बघितलंय. गावातल्या परसातल्या कोंबड्याही गेल्या. तुमच्याकडे २०२२ पासून तो फिरतोय आणि तुम्ही तलावाकाठी. दाणापाणी उघड्यावर ठेवू नका, रानबदकं आणि कावळे त्याच्यासाठीच येतात. परसातली चप्पल वेगळी ठेवा. मुलं पाचाच्या आतली असतील तर त्यांना पक्षी हाताळू देऊ नका, साल्मोनेला जंतूंचं दुखणं वाईट.

---

लाल_तुरा:

+१. खुराडं हलवणारच असाल तर जाळीही बदला. चिकन वायर (बारीक तारेची षटकोनी जाळी) कोंबडीला आत ठेवते, रकूनला (रात्री खुराडी फोडणारं इथलं रानटी जनावर) बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची हार्डवेअर क्लॉथ (चौकोनी भोकांची मजबूत तारजाळी) लावा, खाली फूटभर पुरून.

---

परसातली_ताई:

दोन आठवड्यांनी उत्तर देतेय, माफी.

फोन केला. बाई फारच सरळ निघाल्या, चौथ्या दिवशी टेप घेऊन हजर. मागच्या कोपऱ्यातली खूण नवऱ्याने आदल्या संध्याकाळी शोधून ठेवली होती, वीतभर खाली, गंजलेली सळई आणि तिच्यावर पिवळी प्लास्टिकची टोपी. कुंपण आमच्याच जागेत दीड फूट आत आहे! म्हणजे हद्दीपासून आठ फूट होतेच, कमी पडत होते दोन. खुराड्याखाली पीव्हीसीचे पाइप सरकवून चौघांनी ते फरशीवरूनच दोन फूट ढकललं. आई खुर्चीत बसून हुकूम सोडत होती, आतल्या पाचजणी ओरडत होत्या. मागचे पाय आता फरशीबाहेर मातीत आहेत, त्यांच्याखाली विटा घातल्या.

राणी काउंटीच्या हद्दीतल्या एका शेतावर गेला. मुलं दोन दिवस बोलली नाहीत.

आणि कागद सापडला. १९८७ चा. @नकाशेवाला म्हणाले तेच वाक्य, जवळजवळ शब्दशः. रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी आणि आई आजोबांकडे गेलो. अंडी न्यायची लाच सुचली होती, पण अजून एकीनेही घातलेलं नाही, त्यामुळे रिकाम्या हातानेच. तक्रार त्यांनीच केली होती आणि त्यांनी ती लपवलीही नाही. लहानपण दुधाच्या फार्मवर गेलेलं, कोंबड्यांचं त्यांना काही वाटत नाही, पण पावणेपाचला उठणं आपण ऐंशीव्या वर्षी थांबवलंय, म्हणाले. आई त्यांच्याशी मालवणीत बोलली, ते इंग्रजीत. वीस मिनिटं. मला मध्ये पडायची गरज लागली नाही.

त्यांच्याकडून काही लिहून घेतलेलं नाही, मागायला धजावले नाही. उद्या त्यांनी घर विकलं तर नवा मालक तो कागद काढू शकतो, हे डोक्यात आहे. शहराची केस मात्र बंद झाली, तशी ईमेल आज आली. तिची प्रिंट काढून १९८७ च्या कागदामागे टाचून ठेवलीय.