पीआर (जनसंपर्क) एजन्सीत जॉब शॅडोइंग केलं, पण हे काम नेमकं असतं तरी काय?

आगाऊ_कार्टी:
नमस्कार मंडळी, मी टीवायबीएला आहे. सुट्टीत कॉलेजच्या ओळखीने इथेच पुण्यात एका पीआर एजन्सीत एका मॅडमच्या मागेमागे फिरून काम बघायला मिळालं. इंटर्नशिप नाही हां, नुसतं बघायचं. मला वाटलेलं इव्हेंट, सेलिब्रिटी, भारीभारी मीटिंगा, आणि निघालं काय तर सकाळी आल्याआल्या सगळ्यांचे ई-पेपर उघडून क्लायंटचं नाव शोधायचं, कात्रणाचा स्क्रीनशॉट काढून त्यावर पेपर, आवृत्ती, पान नंबर टाकायचा आणि क्लायंट ऑफिसात पोचायच्या आत पाठवायचं. मग दिवसभर फोन. "सर मेल बघितलात का", "सर फोटो परत पाठवू का".

एकदाच मजा आली, पत्रकार भवनात एका बिल्डरची प्रेस कॉन्फरन्स होती. पत्रकार काय विचारतील त्याची यादी मॅडमनी उत्तरांसकट आदल्या दिवशीच दिलेली, पहिलाच प्रश्न पाण्याचा. साहेबांनी ती उघडलीच नव्हती बहुतेक. क्लबहाऊस, जिम, पोडियम गार्डन असं बोलत सुटले आणि मागच्या रांगेतून एकाने विचारलं, "पाणी महापालिकेचं का टँकरचं?" साहेब मॅडमकडे बघायला लागले. मॅडमनी शांतपणे त्यांच्यापुढे बिस्लेरीची बाटली सरकवली (मला हसू आवरेना) आणि "याची लेखी माहिती संध्याकाळपर्यंत सगळ्यांना मेल करते" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी बातमी आली ती पाण्याचीच, आणि साहेबांचा फोन काय, तर "किती सेंटिमीटर आली?"

असं सेंटिमीटरवर खरंच मोजतात का? आणि पुढे रानडे इन्स्टिट्यूटला जर्नालिझम करू का सरळ पीआरचा कोर्स?

कसबा_पेठ:
मोजतात गं बाई, अजूनही मोजतात. त्याला एव्हीई म्हणतात, बातमीने अडवलेली जागा गुणिले त्या पेपरचा जाहिरातीचा दर, म्हणजे 'एवढ्या लाखांची फुकट प्रसिद्धी झाली' असं एक्सेलमध्ये दाखवता येतं. 2010 मध्ये बार्सिलोनात या क्षेत्रातल्या लोकांनी जमून सांगितलं की जाहिरातीचा दर म्हणजे पीआरची किंमत नव्हे, पण आपल्याकडच्या क्लायंटला आकडा लागतो. त्या हिशोबात टँकरची बातमीसुद्धा कमाईतच धरली जाते, आता बोल!

आणि तू जे 'एकदाच मजा आली' म्हणतेस ना, कामाचा गाभा तोच आहे. साहेबांना काय विचारलं जाणार हे मॅडमना आधी माहीत होतं, हे काय साधं आहे का? 1906 मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा मोठा अपघात झाला, तेव्हा आयव्ही ली नावाच्या माणसाने रेल्वे कंपनीला लपवाछपवी करू दिली नाही, स्वतःच निवेदन काढून पत्रकारांना दिलं, पहिली प्रेसनोट म्हणून तीच सांगतात. क्लायंटला अडचणीचं आधी बोलायला लावणं, यातच निम्मं आयुष्य जातं आमचं. कात्रणं कुणीही काढेल.

माजी_बातमीदार:
दुसऱ्या बाजूने सांगतो. डेस्कवर प्रेसनोटांचा नुसता पाऊस असतो, गणपतीत तर विचारू नका, प्रत्येक मंडळाची आरती कुणाच्या तरी शुभहस्ते झालेलीच असते. पहिले चार ओळी मान्यवरांची नावं आणि मुद्दा तळाला, अशी प्रेसनोट मी तरी पूर्ण वाचलेली नाही. मुद्दा वर, दुपारी चारच्या आत मेल, मजकूर युनिकोडमध्ये (श्रीलिपीतला समोर फॉन्ट नसला की गिचमिड दिसतो), फोटोखाली डावीकडून कोण कोण ते नावं-आडनावं तपासून. एवढं केलंत तरी आम्ही दुवा देऊ. आणि ते "मेल बघितलात का" फोन बंद करा हो, बघितलेला असतो!!

रानडेलाच जा असं माझं मत. आधी एखादं वर्ष बातमीदारी कर मग पीआर, उलटं करणाऱ्यांना बातमी कशात आहे ते कळायला फार वेळ लागतो.

निवांत_पाटील:
सगळे गोडगोड बोलतायत म्हणून सांगतो, सुरुवातीचा पगार फार नसतो आणि क्लायंटला रविवार कळत नाही. आणि पीआर म्हणजे फक्त एजन्सी असं कुठंय, महापालिकेत जनसंपर्क अधिकारी असतो, जिल्हा माहिती कार्यालय आहे, शासनाच्या माहिती खात्यातल्या अधिकाऱ्यांच्या जागा एमपीएससीतून भरतात. तिथलंही काम एकदा बघून ये मग ठरव.

आगाऊ_कार्टी:
माहिती कार्यालयाचं डोक्यातच नव्हतं, थँक्यू. अजून एक, त्याच मॅडमकडे इंटर्नशिप मागू का? आगाऊपणा वाटेल का?

कसबा_पेठ:
नाव आगाऊ घेतलंयस तर माग की. नुसता बायोडाटा नको पाठवू, त्या प्रेस कॉन्फरन्सची प्रेसनोट तू कशी लिहिली असतीस ती एका पानात लिहून जोड, पाण्याचा मुद्दा कुठे घेतलास ते त्या बघतीलच. फोन दुपारी जेवणानंतर कर, चारच्या सुमारास उचलणार नाहीत.