रशचा ‘सिग्नल्स’: यात गिटार ऐकायची तरी कुठे?

सहावी तार

गेले तीन आठवडे रश या कॅनडाच्या रॉक बँडच्या ‘सिग्नल्स’शी झटतोय, पण हा अल्बम अजून माझा होत नाही.

आधी ‘मूव्हिंग पिक्चर्स’ (१९८१) ऐकला होता. त्यातल्या ‘लाइमलाइट’चा सोलो चार महिने बसून बोटांवर चढवला. तारेची ती लांबलेली ओढ अजून मनासारखी येत नाही, पण रशचा गिटारवादक ॲलेक्स लाइफसन या माणसावर माझा जीव जडला तो तिथेच. त्यामुळे पुढचा अल्बम, सप्टेंबर १९८२चा, मोठ्या आशेनं लावला. पहिलंच गाणं ‘सबडिव्हिजन्स’. सिंथेसायझर (विजेवर सूर घडवणारा की-बोर्ड, थोडक्यात सिंथ) सगळी बैठक अडवून बसलाय आणि गिटार दाराशी उभी! पुढे ‘द वेपन’पर्यंत गेलो आणि बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

मला हा अल्बम नावडता म्हणून सोडून द्यायचा नाही. ज्यांना तो मनापासून आवडतो त्यांना विचारतो: तुम्ही तो कसा ऐकता? गिटारची अपेक्षाच सोडून देऊन? की तिथे काही आहे आणि मला ते ऐकू येत नाही? सुरुवात कुठून करू तेही सांगा.

फेडर वर

तुमचे कान ठीक आहेत. या अल्बममध्ये गिटार दबली हे खुद्द लाइफसननं नंतर मुलाखतींतून सांगितलंय, आणि त्याला ते आवडलं नव्हतं.

मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो, म्हणून माझ्या बाजूनं एवढंच सांगतो की दोष सिंथचा नाही, जागेचा आहे. ओबरहाइम या सिंथचे ते जाड, रुंद सूर आणि डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे आवाज मुद्दाम फाडलेली गिटार, दोघांचंही घर मधल्या पट्टीत. तिथे दोघांना एकाच वेळी ऐसपैस बसता येत नाही. एकाला पुढे आणलं की दुसरा मागे सरकतोच. इथे सरकवली गिटार.

टेरी ब्राउन १९७५च्या ‘फ्लाय बाय नाइट’पासून त्यांचा निर्माता होता. ‘सिग्नल्स’ हा त्याचा त्यांच्याबरोबरचा शेवटचा अल्बम. ‘डिजिटल मॅन’मधला तो रेगेकडे झुकणारा डौल त्याला पटत नव्हता, आणि त्या गाण्यावरून बरेच मतभेद झाले. पुढचा ‘ग्रेस अंडर प्रेशर’ (१९८४) लावून पाहा. सिंथ तिथेही भरपूर आहेत, पण गिटारला धार परत आलीय. मला विचाराल तर तोच अधिक चांगला अल्बम.

काळी पाच

मी गिटार वाजवत नाही. वीस वर्षं गाण्याला पेटीची साथ करते, त्यामुळे हा अल्बम मला तुमच्या उलट्या बाजूनं भेटला.

साथीला बसलं की पहिली गोष्ट शिकतो ती थांबायची. गायक सुरावर असताना आपण त्याच्या मागे राहायचं, त्यानं श्वास घेतला की तेवढीच फट भरायची आणि लगेच बाजूला व्हायचं. ‘सबडिव्हिजन्स’मध्ये लाइफसन हेच करतो. तुम्ही त्याला मुख्य गायकाच्या जागी शोधताय, तो तिथे नाही. सिंथ जिथे श्वास घेतो तिथे कान लावा. सुट्या तारा मोकळ्या ठेवून वाजवलेले ते पसरट कॉर्ड ऐकू येतील. एकदा ऐकू आले की मग ते काढून टाकल्यावर गाण्याचं काय होईल याची कल्पना करून पाहा. मला तर ते गाणं त्यांच्याशिवाय थंड, पत्र्याचं वाटेल.

आणि सुरुवातीच्या सात मात्रा जरूर मोजा. रूपक अंगात मुरलेल्या माणसाला सात म्हटलं की झुलणं आठवतं. इथे झुलणं नाही. आठ पावलं टाकायला निघावं आणि दर वेळी एक पाऊल कमी पडावं, तशी ती चाल आहे. गाण्याचा विषय काय आहे? शहराच्या कडेला आखून-रेखून वसवलेल्या एकसारख्या घरांच्या वसाहती, आणि तिथे इतरांसारखं न वागणाऱ्या पोराला शाळेत एकटं पाडणं. गायक आणि बासवादक गेडी ली आणि लाइफसन टोरंटोच्या विलोडेलमध्ये, अशाच उपनगरात वाढले. शब्द ड्रमवादक नील पिअर्टचे. त्या सरळ, गुळगुळीत, कडेपर्यंत एकसारख्या ओबरहाइमच्या सुरांतून ती घरं मला डोळ्यांसमोर दिसतात. हे गिटारनं झालं नसतं. गिटारचा सूर उमटतो आणि विरत जातो, तो माणसाच्या बोटांचा असतो. इथे न विरणारा सूरच हवा होता. मग मध्येच मिनीमूग हा दुसरा सिंथ वर उसळी घेतो, तेव्हा वाटतं, त्या पोराला तिथून निघून जायचंय.

आणखी एक. ही तीनच माणसं होती आणि तेव्हा रंगमंचावर चौथा वादक घ्यायचा नाही हा त्यांचा हट्ट होता. ली गातो, बास वाजवतो, की-बोर्डही वाजवतो. तो की-बोर्डवर गेला की बास गिटार गळ्यात नुसती लटकते आणि खालचे सूर पायाखालच्या मूग टॉरस पेडलांवर जातात. म्हणजे सिंथ आले तेव्हा एक वाद्य वाढलं इतकंच झालं नाही, तिघांच्या कामाची वाटणीच बदलली. पिअर्टचे ड्रम्स या अल्बममध्ये इतके बोलके का झाले, याचं उत्तर मला इथेच सापडतं.

तुम्ही ‘द ॲनालॉग किड’पासून सुरू करा. सुरुवातीलाच गिटार आणि बास धावत सुटतात, तुम्हाला हवं ते सगळं आहे. गवतात पडून स्वप्नं बघणारा मुलगा, उन्हाळ्याची दुपार. आणि ध्रुवपदाशी सगळं एकदम संथ होऊन सिंथ आभाळासारखा पसरतो. धाव आणि आभाळ. सिंथ कशासाठी आला ते या एका गाण्यात कळतं. शिवाय सोलोही आहे, तुमच्या बोटांना काम!

‘न्यू वर्ल्ड मॅन’ला हलकं समजू नका. कॅसेटच्या दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या व्हाव्यात म्हणून ब्राउनच्या सुचवण्यावरून ते सगळ्यात शेवटी, झटपट केलेलं गाणं. कॅनडात ते पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत २१व्या. विचार करायला वेळ नव्हता म्हणून ते इतकं मोकळं झालं असावं, असं मला नेहमी वाटतं. ‘केमिस्ट्री’ मात्र माझ्याही मनात कधी उतरलं नाही.

अनवाणी

‘लूझिंग इट’चं नाव कुणीच घेतलं नाही, म्हणून लिहितो.

मी व्हायोलिन वाजवायचो. डाव्या खांद्याच्या दुखण्यामुळे सहा वर्षांपूर्वी सोडावं लागलं. त्यानंतर वर्षभर मी व्हायोलिन ऐकूही शकत नव्हतो. दुसऱ्या कुणाचा गज तारेवर फिरताना ऐकला की खांद्यात कळ यायची, खरोखरची. त्या काळात एका मित्रानं हे गाणं पाठवलं, त्यात व्हायोलिन आहे हे न सांगता.

एक नर्तकी आहे, जिचं शरीर आता साथ देत नाही. एक लेखक आहे, कोऱ्या कागदासमोर बसलेला. बस, एवढंच. आणि मग पाहुणा वादक बेन मिंकचं इलेक्ट्रिक व्हायोलिन येतं. ते सांत्वन करत नाही. ते चिडतं, वर चढतं, ओरबाडतं. हातून कला निसटणाऱ्या माणसाच्या आत काय चाललेलं असतं ते मला पहिल्यांदा कुणीतरी खरं सांगितलं असं वाटलं. त्या रात्री मी ते अकरा-बारा वेळा ऐकलं. खांदा दुखला नाही.

सहावी तार, या गाण्यात लाइफसनला शोधा. मिंकशी बोलायची वेळ येते तेव्हा तो पुढे येतो, आणि गाणाऱ्याच्या मागे किती हळुवार राहतो तेही पाहा. काळी पाच यांनी फटीबद्दल लिहिलंय ते मला इथे सर्वांत जास्त पटतं.

हे गाणं त्यांनी मैफलीत तेहतीस वर्षं वाजवलं नाही. २०१५च्या आर-४० दौऱ्यात प्रथमच वाजवलं, आणि टोरंटोच्या कार्यक्रमात व्हायोलिन धरायला स्वतः मिंक होता. त्याचं चित्रण निघालंय. पिअर्ट जानेवारी २०२०मध्ये गेला. त्यानंतर मला ते चित्रण एकदाच बघवलं.

फेडर वर

अनवाणी, तुमचा प्रतिसाद वाचून ते गाणं पुन्हा लावलं. व्हायोलिनचा आवाज किती कोरडा ठेवलाय, तारेचं खरखरणंही पुसलेलं नाही. ब्राउनबद्दल वर जरा कठोर लिहिलं, हे काम त्याच्याच हातचं आहे.

जाता जाता ‘काउंटडाउन’बद्दल. कोलंबिया या अवकाशयानाचं पहिलं उड्डाण, १२ एप्रिल १९८१, तिघांनी फ्लोरिडात जाऊन पाहिलं होतं. १० तारखेला संगणकातल्या बिघाडामुळे ते थांबवावं लागलं होतं. जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपन यांच्या त्या उड्डाणातलं खरं बोलणं गाण्यात ऐकू येतं. प्रेक्षक म्हणून त्यांना जिथे उभं केलं होतं त्या भागाचं नाव ‘रेड सेक्टर ए’, आणि तेच नाव त्यांनी पुढच्या अल्बममधल्या एका गाण्याला दिलं. तिथे विषय पार वेगळा आहे: छळछावणी. लीचे आईवडील नाझी छावण्यांतून वाचलेले. त्या गाण्यात बास गिटार नाहीच. सिंथ आणि गिटार यांचं भांडण मिटलेलं ऐकायचं असेल तर ते ऐका.

सहावी तार

तीन रात्री सांगितल्याप्रमाणे ऐकलं. ‘द ॲनालॉग किड’ पहिल्याच फेरीत आपलंसं झालं. ध्रुवपदाशी सिंथ पसरला तेव्हा हातातली गिटार खाली ठेवून नुसता बसून राहिलो. ‘सबडिव्हिजन्स’मधल्या फटी दुसऱ्या रात्री सापडल्या, हेडफोनवर, आवाज कमी केल्यावर. मोठ्यानं लावत होतो हीच चूक होती. ‘द वेपन’ अजून लांबच वाटतं.

अनवाणी, ‘लूझिंग इट’ मी रोज वगळत आलो होतो, संथ आहे म्हणून. काल पूर्ण ऐकलं. टोरंटोचं चित्रण मिळवलंय, आज रात्री पाहतो. काळी पाच, त्या पसरट कॉर्डमधले दोन माझ्या कानाला नीट लागत नाहीयेत. तुम्ही पेटीवर ते सूर काढून इथे लिहाल का?